साताऱ्याचे देणे

काही गावांना इतिहास असतो, आणि काही गावांत आपले तरुणपण मागे राहिलेले असते. ज्या गावी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात, तेथे उतरताना मनुष्याचे पाऊल क्षणभर अडखळते. इतिहास पाहावयास जावे, तर वाटेत आपलाच जुना चेहरा भेटतो. जुने दिवस शोधावयास जावे, तर दोनतीनशे वर्षांपूर्वीची माणसे मध्येच उभी राहून आपल्याला काही विचारू लागतात. एका निवृत्त शिक्षकांची साताऱ्यात एके दिवशी अशीच अवस्था झाली.

गुरुजी वाळवे तालुक्यातले. 34 वर्षे त्यांनी शाळेत मराठी शिकविले आणि 2016 साली ते निवृत्त झाले. मध्यंतरीच्या काळात कामानिमित्त ते साताऱ्यास येत नसत असे नाही; पण बसमधून उतरावे, कचेरी गाठावी आणि काम उरकताच परतीची गाडी धरावी, असा त्यांचा शिरस्ता होता. ज्या गावात उमेदीची चार वर्षे काढली, त्या गावात ते कधी रेंगाळले नाहीत. कोणी कारण विचारले, तर वेळ नव्हता असे सांगून ते मोकळे होत.

या खेपेस ते पुतणीच्या लग्नासाठी आले होते. पंगतीत त्यांच्या शेजारी माण तालुक्यातला एक तरुण बसला होता. बोलता बोलता तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिवाजी कॉलेजचे ना? आमच्या गावचे एक तात्या पण तिथंच होते. शिक्षण काही पुरं झालं नाही त्यांचं. पण अजून सांगत असतात, साताऱ्यात माझा एक वाळव्याचा सोबती होता, त्याला टिकाव धरायला मी शिकवलं म्हणून."

गुरुजींच्या हातातला घास तसाच राहिला. "बरे आहेत का ते?" एवढेच त्यांनी विचारले.

"बरे हायेत की. डाळिंबाची बाग हाय. गुडघे तेवढे कुरकुर करतात."

त्या रात्री गुरुजींना झोप लागली नाही. पहाटे उठून सवयीप्रमाणे त्यांनी मनगटावरच्या जुन्या घड्याळाला किल्ली दिली. इस्लामपूरची गाडी संध्याकाळी चार वाजता होती. सारा दिवस रिकामा होता. कोणालाही न सांगता ते बाहेर पडले आणि त्यांची पावले आपोआप महाविद्यालयाच्या दिशेने वळली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली संस्था साताऱ्यास आणली. स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे 1947 साली, त्यांनी येथे छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. ज्याच्या घरी पैसा नाही, त्यानेही शिकावे. मात्र ते दुसऱ्याच्या दयेवर नव्हे, तर स्वतःच्या घामावर, हा त्यामागील विचार होता. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज पुष्कळ ठिकाणी ऐकू येतात. साताऱ्यात त्यांचा अर्थ टिकाव, खोरे आणि पाटी असा होता. वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ही हकीकत साताऱ्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात ऐकावयास मिळे. गुरुजींनीही ती ऐकली होती, आणि पुढे वर्गात मुलांना कित्येकदा सांगितलीही होती. सांगताना दर वेळी त्यांचा आवाज एका ठिकाणी किंचित बसे. मुलांना वाटे, गुरुजींचे मन भरून आले.

1974 च्या जून महिन्यात पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन गुरुजी येथे आले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. घरची शेती थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा कमवा आणि शिका योजनेत नाव घालण्यावाचून इलाज नव्हता. त्याच खोलीत माण तालुक्यातला एक मुलगा आला. हजेरीपटावर त्याचे नाव काहीही असो, सारे त्याला 'माणदेशी' म्हणत. उंच, काटक, बोलण्यास थोडा. 1972 च्या दुष्काळात शाळा सुटल्यावर आईबरोबर सरकारी कामावर बसून त्याने खडी फोडली होती. त्याचे तळहात पाहिले म्हणजे ते एखाद्या प्रौढ माणसाचे आहेत असे वाटे.

गुरुजींचे हात शेतकऱ्याच्या मुलाचे असले, तरी टिकावाचे नव्हते. तिसऱ्याच दिवशी हाताला फोड आले. चौथ्या दिवशी ते फुटले. वहीवर लेखणी टेकवेना. घरी परत जावे असा विचार मनात घोळू लागला, तेव्हा माणदेशी जवळ येऊन म्हणाला, "घट्ट धरतोस म्हणून फोड येतात. उचलताना धर, खाली येताना मूठ सैल सोड. टिकावाचं वजन टिकावालाच पेलू दे." मग त्याने स्वतःचा टिकाव बाजूला ठेवला आणि गुरुजींच्या मागे उभे राहून, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून, पाचपंचवीस घाव घालून दाखविले. त्या आठवड्यात आपले काम संपल्यावर तो गुरुजींच्या वाट्याचेही थोडे उरकून टाकी, आणि त्याविषयी एक अक्षरही बोलत नसे. गुरुजींचे शिक्षण टिकले ते त्या आठवड्यामुळे.

महाविद्यालयाच्या आवारात सकाळची वर्दळ सुरू झाली होती. मुले-मुली आपापल्या घाईत होती. या वृद्ध गृहस्थाकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. क्षणभर थांबून गुरुजी तेथून निघाले आणि अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागले.

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेले आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने हा किल्ला बांधला असे मानतात. 1673 साली शिवछत्रपतींनी तो स्वराज्यात आणला. 1699 च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेबाने येऊन त्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी मूठभर लोकांनिशी साडेचार महिने किल्ला झुंजविला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. एका सुरुंगाने तट कोसळला तो त्यांच्याच सैन्यावर, आणि शेकडो मोगल ढिगाऱ्याखाली गाडले गेले. पुढे राजाराम महाराजांच्या निधनाची वार्ता आली, दाणागोटा संपला, आणि 1700 च्या एप्रिलमध्ये किल्ला द्यावा लागला. बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेविले. महाराणी ताराबाईंच्या सैन्याने तो परत घेतला आणि तो अजिंक्यतारा झाला. येथेच 12 जानेवारी 1708 रोजी शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला आणि सातारा मराठ्यांची राजधानी बनले.

पूर्वी हे दोन मित्र पहाटे हातात पुस्तके घेऊन गड चढत. आता गुरुजींना चार ठिकाणी बसावे लागले. दरवाजाच्या आत आल्यावर वारा लागला. नैर्ऋत्येस सज्जनगड दिसत होता, समोर यवतेश्वराचा डोंगर उभा होता, आणि पूर्वेकडे सकाळच्या उन्हात कृष्णेचे पात्र चमकत होते. तेथेच, शहरापासून कोसदीड कोसावर, कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. त्याला माहुली म्हणतात. पेशवाईतील नि:स्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे तेथलेच. रविवारी हे दोघे पायी माहुलीस जात, घाटावर धोतरे धूत आणि ती वाळेपर्यंत समाधींच्या सावलीत वाचीत बसत. शाहू महाराजांचा आवडता कुत्रा खंड्या याचीही तेथे समाधी आहे. शिकारीच्या वेळी वाघाची चाहूल लागताच भुंकून त्याने महाराजांचे प्राण वाचविले, असे सांगतात. पहिल्यांदा तो दगडी कुत्रा पाहून गुरुजींना हसू आले होते. माणदेशी मात्र हसला नाही. "राजानं एका मुक्या जनावराचा उपकार ध्यानात ठेवला," तो म्हणाला, "माणसाचा ठेवला असेल यात नवल काय?"

गडावरून उतरताना चार भिंतींचे ठिकाण लागते. रंगो बापूजी गुप्ते आणि 1857 चे हुतात्मे यांचे स्मारक म्हणून ते ओळखले जाते. गुरुजी तेथे आले तेव्हा ऊन चढले होते. स्मारकाच्या पायरीवर ते टेकले. याच पायरीवर बसून एकदा त्यांनी माणदेशीला रंगो बापूजींची कथा सांगितली होती. इतिहासाच्या तासाला ती नुकतीच ऐकलेली असल्यामुळे सांगण्याची मोठी हौस होती.

1839 साली इंग्रजांनी खोटेनाटे आरोप ठेवून छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले आणि काशीस पाठविले. शाळा, रस्ते, पाणीपुरवठा यांची काळजी वाहणारा तो राजा होता. त्याची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी समुद्र ओलांडून लंडनला गेले. मुलूख परका, भाषा परकी, हवा सोसेना, जवळचा पैसा सरत आला. कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे ते अर्जांमागून अर्ज करीत राहिले. 1847 साली प्रतापसिंह महाराज काशीत वारले. ज्याच्यासाठी आले तो धनी गेला. 1848 साली राज्यही खालसा झाले. तरी रंगो बापूजी आणखी काही वर्षे तेथेच झगडत राहिले. अशी सुमारे चौदा वर्षे गेल्यावर ते रिकाम्या हातांनी परत आले. पुढे 1857 च्या उठावाची त्यांनी साताऱ्यात सिद्धता केली. कट उघडकीस आला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

ती कथा ऐकून माणदेशी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काम झालं नाही, तरी गेला. जाणं महत्त्वाचं."

ते वर्ष 1978. दोघेही शेवटच्या वर्षाला होते. त्या हिवाळ्यात माणदेशीचे वडील अंथरुणाला खिळले. त्याने साठविलेले सारे पैसे औषधपाण्यात गेले. परीक्षेची फी भरण्याची मुदत जवळ आली आणि त्याच्याजवळ काही उरले नाही. गुरुजींच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली, 110 रुपये होते. सुट्टीत दुसऱ्यांच्या शेतात राबून ते त्यांनी जमविले होते. परीक्षा जवळ आली, मनगटी घड्याळ हवे, ही त्यांची दोन वर्षांची आस होती. बाजारातल्या दुकानात एक घड्याळ त्यांनी हेरूनही ठेविले होते.

माणदेशीने पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर गुरुजींनी दिलेही असते. पुष्कळ वर्षे ते मनाला हेच समजावीत आले होते. पण न मागता द्यावे असे त्या तीन दिवसांत त्यांच्या मनात अनेकदा आले, आणि प्रत्येक वेळी दुसरे मन म्हणाले, तो काही बोलला नाही ना? मग बघू. चौथ्या दिवशी माणदेशीने वळकटी बांधली. "उद्या सकाळच्या दहिवडीच्या गाडीनं जातो," तो म्हणाला. "येशील ना स्टँडवर?"

"येईन की," गुरुजी म्हणाले.

ते गेले नाहीत. पहाटेच उठून, कोणास न सांगता, ते माहुलीच्या घाटावर जाऊन बसले. त्याच्या डोळ्यांना डोळे देण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. पण दहिवडीची गाडी माहुलीवरूनच कोरेगावकडे जाते, हे घाईत त्यांच्या ध्यानी राहिले नव्हते. उन्हे वर आली तेव्हा दूर पुलावरून एक एस.टी. गेली. गुरुजींनी मान खाली घातली. पलीकडे तो दगडी खंड्या, ज्याचा उपकार एका राजाने ध्यानात ठेवला, आपल्या जागी बसलेला होता.

आठवड्याने घड्याळ घेतले. महिन्याने एक पोस्टकार्ड आले. त्यात रागाचा शब्द नव्हता. वडील बरे नाहीत, आता शेतीच पाहावी लागेल, असे लिहिले होते, आणि शेवटी विचारले होते, "परीक्षा कशी गेली? घड्याळ घेतलेस का?" म्हणजे ट्रंकेतले पैसे त्याला ठाऊक होते. ठाऊक असूनही त्याने ते मागितले नव्हते. त्या पत्राला उत्तर लिहावयास गुरुजी अनेकदा बसले. मायना लिहीत आणि कागद बाजूला ठेवीत. आज लिहू, उद्या लिहू, असे करता करता लिहिण्याची वेळ निघून गेली, आणि मग इतक्या उशिरा कसे लिहावे ही नवी लाज आडवी आली.

चार भिंतींच्या सावलीत बसलेल्या गुरुजींनी मनगटाकडे पाहिले. घड्याळ ठीक चालत होते. हजारो तास त्याने वेळेवर भरविले आणि वेळेवर सोडविले होते. परोपकार, मैत्री, कृतज्ञता यांवर गुरुजींनी मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील! चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढणाऱ्या त्या हाताला स्वतःचे एक पत्र मात्र पुरे करता आले नव्हते.

ते उठले. गावात शिरून राजवाड्यावरून मोती चौकात आले. ज्या वाटेने ते चालले होते, त्याच गावात 7 नोव्हेंबर 1900 रोजी एक लहान मुलगा शाळेत दाखल झाला आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगाला ठाऊक झाला. त्या शाळेला आज प्रतापसिंह महाराजांचे नाव आहे. एका शाळेच्या दाराने केवढे आयुष्य घडते, आणि ते दार मध्येच बंद झाले म्हणजे काय होते, याचा विचार करीत गुरुजी मिठाईच्या दुकानाशी थांबले. विद्यार्थी असताना कंदी पेढ्यांचा तो खरपूस वास दोघे रस्त्यावरूनच घेत आणि पुढे जात. पास झालो की पेढे, असा त्यांचा करार होता. गुरुजींनी एक किलो पेढे बांधून घेतले.

स्टँडवर पोहोचले तेव्हा पावणेचार झाले होते. इस्लामपूरची गाडी फलाटाला लागली होती, आणि पलीकडे दहिवडीची. गुरुजी दोन्ही गाड्यांच्या मध्ये थोडा वेळ उभे राहिले. पुतण्याचा फोन आला. "काका, गाडीत बसलात का?"

"बसतो आहे," ते म्हणाले. "पण उद्या येईन घरी. आधी माणला जाऊन येतो."

"माणला? तिथं कोण आहे आपलं?"

गुरुजींना चटकन उत्तर सुचले नाही. मग ते म्हणाले, "आहे. माझा सोबती आहे."

दहिवडीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. कंडक्टरने ओळखपत्र पाहून अर्धे तिकीट दिले. गाडी हलली. शहर मागे पडले, आणि थोड्याच वेळात माहुलीचा पूल आला. खाली संगमाचे पाणी संथ होते. घाट दिसत होते. घाटावर कोणी बसलेले नव्हते.

जाऊन काय बोलावे, हे त्यांनी अद्याप ठरविले नव्हते. क्षमा मागावी, तर तो हसून हात झटकील. पैशांची गोष्ट काढावी, तर ते त्याला आवडणार नाही. शेवटी त्यांना वाटले, 46 वर्षांपूर्वीच्या पोस्टकार्डाचे उत्तर तेवढे द्यावे. परीक्षा बरी गेली. घड्याळ घेतले. ते घ्यावयास नको होते.

पूल संपला आणि गाडी कोरेगावच्या रस्त्याला लागली. गुरुजींनी पेढ्यांचा पुडा मांडीवर नीट धरला. मग काही आठवून त्यांनी मूठ जरा सैल सोडली.